अकरा नारळ

आमचा ऑर्केस्ट्रा ऐन भरात असताना बंद का झाला, असं मला अजूनही कोणीतरी विचारतं. लग्नाच्या पंगतीत विचारतात, बाजारात बांगडे घेताना विचारतात. माझं उत्तर सुरुवातीची काही वर्षं ठरलेलं होतं. परदेशातल्या एका मोठ्या बँडनं गावोगाव फिरणं सोडलं आणि खोलीत बसून रेकॉर्डी काढल्या, म्हणून आम्हीही सोडलं. समोरचा हसायचा. कुठे ते साहेब लोक आणि कुठे रत्नागिरीची आमची आठ टाळकी! पण मी ते थट्टेनं सांगत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं. एवढी मी शहाणी.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी तेव्हा कॉलेजात होते आणि ऑर्केस्ट्रातली एकुलती एक गाणारी बाई होते, त्यामुळे मला शिंगं फुटली होती. ऑर्केस्ट्रा मास्तरांचा. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ हार्मोनियमला द्यायचे. लग्न केलं नव्हतं, घरात ते आणि त्यांची वाद्यं. माझा मोठा भाऊ, दादा, ढोलकी वाजवायचा. त्याच्यामागे लागून मी शाळेत असतानाच मास्तरांच्या ओसरीवर जाऊन बसले होते, आणि मास्तरांनी "काय गं बाय, गातेस का?" एवढंच विचारून मला ठेवून घेतलं होतं. फी नाही, परीक्षा नाही. मला गायला शिकवलं ते त्या माणसानं.

आमच्याकडे कार्यक्रम ठरवायची एक रीत होती. गावची चार माणसं मास्तरांच्या घरी यायची, गावच्या देवासमोर ठेवलेला नारळ घेऊन यायची आणि तो मास्तरांच्या हातात द्यायची. नारळ घेतला की शब्द दिला. मग तो नारळ मास्तरांच्या देव्हाऱ्याखाली जायचा. कुठल्या गावचा ते त्याच्यावर कोळशानं लिहिलेलं असायचं, आणि कार्यक्रमाच्या दिवशी तो त्या गावी स्टेजवर फुटायचा. त्याआधी मास्तर माइकवर गाऱ्हाणं घालायचे. बा देवा म्हाराजा, आज ही मंडळी तुझ्या दारात आली आहेत, त्यांना सांभाळ, असं. प्रत्येक वाक्याला समोरचं अख्खं गाव "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. मगच पहिलं गाणं. त्या साली माघ महिन्यात देव्हाऱ्याखाली बारा नारळ रांगेत होते. मी ते येता-जाता मोजायचे आणि मनात म्हणायचे, बघा, माझ्यामुळे.

त्यातला पहिला खेडचा होता, माघी गणपतीचा. रात्री वीज जाते म्हणून कार्यक्रम दुपारी चारला ठेवला होता. मैदान गच्च भरलेलं. मुंबईहून चाकरमानी आलेले, त्यांना नवी सिनेमातली गाणी हवी होती. आमच्या पहिल्या गाण्यापासून शिट्ट्या सुरू झाल्या त्या शेवटपर्यंत थांबल्या नाहीत. मला ढोलकी ऐकू येत नव्हती, मास्तरांची पेटी ऐकू येत नव्हती, आणि माझा आवाज तर मला अजिबातच ऐकू येत नव्हता. मग काय करणार? ओरडले. जितका गलका वाढला तितकी ओरडले. तीन वन्स मोअर मिळाले. टेम्पोतून परत येताना मी जमिनीपासून चार बोटं वर होते.

त्या दिवशी आमच्याबरोबर बोटीवाले काका आले होते. हे मास्तरांचे बालमित्र. मोठ्या जहाजावर नोकरीला, वर्षातून काही महिने घरी. येताना त्यांनी जपानी टेपरेकॉर्डर आणला होता आणि आम्हांला भेट म्हणून अख्खा कार्यक्रम मागे लोकांत बसून टेप केला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मास्तरांच्या ओसरीवर कौतुकानं ऐकायला बसलो. कांदेपोहे झाले, चहा झाला, काकांनी बटण दाबलं.

आधी नुसत्या शिट्ट्या. मग एक माणूस कोणाला तरी "ए, खाली बस!" म्हणून दटावतोय. त्याच्या मागे कुठेतरी लांब ढोलकी, तिच्याशी काडीचा संबंध नसलेली पेटी, आणि एक बाई.

"ही कोण कोंबडी धरल्यासारखी केकाटतेय?" मी विचारलं.

कोणी हसलं नाही. दादानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला कळलं तेव्हा कानशिलं तापली. आम्ही तिसऱ्या गाण्यात चक्क दोन वेगवेगळ्या ठिकाणी होतो, ढोलकी शेवटच्या कडव्यात आणि मी त्याच्या आधीच्या. आणि नेमका त्याच गाण्याला वन्स मोअर होता.

तेव्हा काकांनी त्या बँडची गोष्ट सांगितली. नाव मी घेत नाही, सगळ्या जगाला ठाऊक आहे. काका तरुण असताना एका परदेशी बंदरात त्यांनी रेकॉर्डींच्या दुकानदाराकडून ती ऐकली होती. ते चौघं कुठेही गेले की पोरी इतक्या किंचाळायच्या की स्टेजवर त्यांचं त्यांना ऐकू यायचं नाही. हळूहळू ते वाईट वाजवायला लागले आणि कोणाच्या लक्षातही येईना. त्यांना त्याची शरम वाटायला लागली. शेवटी ऐन भरात असताना त्यांनी फिरणं बंद केलं, खोलीत दार लावून बसले आणि कोणी ऐकली नव्हती अशी गाणी केली. काकांकडे त्यांची एक कॅसेट होती, तीही लावली. एकही शब्द कळला नाही. पण प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येत होतं, हे मात्र खरं. मास्तरांनी ती मागे घेऊन पुन्हा लावायला सांगितली.

इथपर्यंत सगळं मी लोकांना सांगायचे. पुढचं नाही सांगायचे.

खेडहून आल्यावर माझा आवाज बसला. आठ दिवस झाले, पंधरा झाले, मध-हळद झाली, ज्येष्ठमध झालं, तरी वरच्या सुराला गेलं की मध्येच तुटायचा. दादा मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी आरशानं घसा तपासला आणि मला खुर्चीत नीट बसायला सांगितलं. गळ्यात गाठ धरायला लागली होती. तीन महिने गाणं बंद, मोठ्यानं बोलणंही बंद. या हंगामात स्टेजवर ओरडलीस तर आवाज कायमचा जाईल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

बाहेर येऊन मी दादाला आईची शपथ घातली. कोणाला सांगायचं नाही. मास्तरांना तर नाहीच. देव्हाऱ्याखाली अकरा नारळ होते. मी नाही म्हटलं असतं तर मास्तरांना दुसरी मुलगी शोधावी लागली असती, आणि एकदा दुसरी मुलगी त्या माइकपाशी उभी राहिली की मला कोण विचारणार होतं? मी हंगाम रेटून न्यायचा ठरवलं होतं. दादा म्हणाला, मरशील. मी म्हटलं, मरेन, पण गाऊन मरेन. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या तोंडी असली वाक्यं फार छान बसतात.

दोन दिवसांनी मास्तरांनी सगळ्यांना बोलावलं. ओसरीवर जाते तर देव्हाऱ्याखालची जागा रिकामी. मास्तर म्हणाले, यंदाचे कार्यक्रम मी रद्द करतोय. यंदाचेच काय, यापुढचेही. त्या परदेशातल्या लोकांनी केलं ते आपण करू. आपल्याला आपलं ऐकू येईल असं बसून गाऊ, एक कॅसेट काढू. नारळ मी स्वतः गावोगाव जाऊन परत देणार आहे, कारण तो पोस्टानं परत करता येत नाही.

बेंजो वाजवणारा पोस्टमन होता, तो म्हणाला, का नाही, मी नेतो की. तेवढंच हसू झालं. बाकी सगळे गप्प होते. आणि गंमत बघा, खरं तर माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण मला आला राग. मी एवढी जिवावर उदार होऊन बसले होते आणि इथे कोणी मला मरूच देत नव्हतं. शिवाय आपल्याला भीती वाटत होती हे लपवायचं तर दुसऱ्याला भित्रा म्हणणं सोपं पडतं. त्या फुटक्या आवाजात मी सगळ्यांसमोर मास्तरांना म्हणाले, "तुम्हांला लोकांची भीती वाटते, मास्तर. पिंजऱ्यातच गायचं असेल तर पोपट पाळा, आम्ही कशाला हवेत?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बरं," म्हणाले. दादा ढोलकीची दोरी आवळत बसला होता, त्यानं वर पाहिलं नाही.

त्या एका वाक्याची मला आजही लाज वाटते.

पुढचा महिनाभर दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मास्तर पिशवीत नारळ घालून एसटीनं जायचे. आणि आम्हांला त्यांनी नवाच नियम घालून दिला. रेकॉर्डिंगला आधी कान तयार करावा लागतो, म्हणून आता सगळ्यांनी हळू बोलायचं, हळू वाजवायचं. मला तर पाटी-पेन्सिल देऊन कोपऱ्यात बसवलं. तीन महिने गायचं नाही, बोलायचंही नाही, नुसतं ऐकायचं. कोण कुठे चुकतं ते पाटीवर लिहायचं. मी मनात म्हटलं, चला, मास्तरांच्या डोक्यात साहेबांचं खूळ शिरलं आणि आपलं आयतं काम झालं. देवच पावला. इतकी सोय आपोआप होते का, हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नाही.

पण त्या कोपऱ्यानं मला जे दिलं ते कुठल्या स्टेजनं दिलं नसतं. दादा समेच्या आधी किंचित श्वास घेतो हे मला तिथे कळलं. पेटीचा एक सूर जरासा चढलेला होता, तो इतकी वर्षं कोणाला ऐकूच आला नव्हता. मी पाटीवर लिहिलं, "काळी दोन चढी." मास्तरांनी पेटी उघडून तो सूर नीट केला आणि पाटीवर मला दहापैकी दहा दिले. मार्गशीर्षापासून मी त्यांच्याशी भांडत आले होते, गाणी कोणती घ्यायची यावरून. आता भांडायला आवाजच नव्हता, म्हणून त्यांचं ऐकून घेतलं. बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर होतं. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला आणि हसले. मग मास्तरांनी मला खालच्या सुरापासून, एकेक पायरी, अगदी पावसाळाभर वर आणलं.

रेकॉर्डिंग दिवाळीच्या सुट्टीत केलं. रत्नागिरीत तेव्हा स्टुडिओ कुठला? काकांच्या मेहुण्याची आंब्याच्या पेट्या भरायची शेड होती, ती हंगाम नसल्यामुळे मोकळी होती. पेट्यांत घालायच्या पेंढ्याचे भारे तिथे पडलेले होते. काकांनी ते चारी भिंतींना छपरापर्यंत रचले. आत टाळी वाजवली तर ती जागच्या जागी मरायची. काकांनी दोन माइक टांगले, गाईच्या गळ्यातली घंटा सोडवली, कोंबड्या डालल्या, आणि बाहेर बघायला जमलेल्या वाडीतल्या पंचवीस माणसांना हात जोडून सांगितलं की आता कोणी शिंकायचंसुद्धा नाही. माणसं गुणी. एकजण खोकला आला म्हणून धावत बांधापलीकडे जाऊन खोकून आला.

सगळं शांत झालं. मास्तरांनी रिवाजाप्रमाणे गाऱ्हाण्यानं सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" बाहेरून पंचवीस माणसं.

काकांनी टेप मागे घेतली. बाहेर जाऊन पुन्हा हात जोडले. माणसं ओशाळली, चुकलं म्हणाली. पुन्हा सुरुवात. पुन्हा "व्हय म्हाराजा!" तिसऱ्यांदा तर स्वतः काकाच म्हणाले, हेडफोन कानाला लावून. मग बाहेर जाऊन विचारलं तर एक म्हातारी म्हणाली, बाबा, दुसरं काय पण सांग, पण गाऱ्हाण्याला व्हय म्हटलं नाय तर त्या देवानं समजायचं काय? काका म्हणाले, गाऱ्हाणंच काढून टाकू. मास्तर नाही म्हणाले. शेवटी त्या पंचवीसांना आत घेऊन पेंढ्याला टेकवून बसवलं. माणसांच्या गलक्याला कंटाळून दार लावून बसायला निघालेले आम्ही, आणि दार लावलं ते माणसं आत घेऊन. पण तेवढं झाल्यावर ती सगळी दिवसभर अशी गप्प बसली की मला माझा श्वास ऐकू येत होता.

त्या दिवशी मी पहिल्यांदा न ओरडता गायले. पहिलं गाणं संपलं तेव्हा मास्तर पेटीवर वाकून डोळे पुसत होते. मला वाटलं, पेंढ्याचं कुसळ गेलं असेल.

आमच्या बाजारातल्या दुकानदारानं त्या कॅसेटच्या प्रती काढल्या. ती काही मुंबई-पुण्याला गाजली नाही. पण एकदा हातखंब्याला एसटीची वाट बघत उभी होते, तर चहाच्या टपरीवर ती लागलेली. एक ट्रकवाला बशीत चहा ओतून बसला होता, आणि माझं गाणं संपेपर्यंत त्यानं ती बशी तोंडाला लावली नाही. चहा निवला. मी त्याला कोण ते सांगितलं नाही, पण घरी येईपर्यंत हसत होते. तीन वन्स मोअरचा तो आनंद मला आता आठवतसुद्धा नाही. त्या निवलेल्या चहाचा आठवतो.

चार-पाच वर्षांनी माझं लग्न झालं, संगमेश्वरच्या आतल्या गावात. गाव मला ऐकून ठाऊक होतं, आमच्या रद्द झालेल्या अकरांपैकीच एक. लग्नानंतर नव्या नवरीला ग्रामदेवतेच्या पाया पडायला घेऊन गेले. सकाळची वेळ होती. देवळात म्हातारा गुरव होता आणि ओट्यावर गावची सहा-सात माणसं. गुरवानं माहेर विचारलं. सासूबाईंनी सांगितलं, रत्नागिरीची, कॅसेटमध्ये गायलेली आहे. तसा तो माझ्याकडे निरखून बघायला लागला.

"त्या मास्तराची पोर ना गो तू? गळा बरा झाला ना तुजा?"

सासरी मी गळ्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. माहेरीसुद्धा दादा सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, तुम्हांला कोणी सांगितलं? तर म्हातारा म्हणाला, मास्तर नारळ परत घेऊन आलं, तेव्हा आम्ही रागावलो होतो. गावानं मांडव ठरवला होता. मग त्यानं कारण सांगितलान आणि देवाकडे गाऱ्हाणं घालायची विनंती केलान. मीच घातलं, ह्या इथे उभं राहून.

आणि त्यानं ते मला म्हणून दाखवलं. म्हाताऱ्याला शब्द न् शब्द पाठ होता.

"बा देवा म्हाराजा, ह्या रत्नागिरीच्या मास्तरान् तुजा नारळ परत आणलान. त्येच्या पोरीचा गळा दुखावलाय. तो बरा कर म्हाराजा. तिला कळू न देता बरा कर. शब्द मोडल्याचा दोष हाय तो मास्तरावर घाल, पोरीवर घालू नको."

ओट्यावरची माणसं सवयीनं म्हणाली, "व्हय म्हाराजा." त्यातली दोघं-तिघं तेव्हाही तिथेच असणार.

मी देवळाच्या खांबाला धरून रडले. सासूबाईंना वाटलं, माहेरची आठवण आली. खोटं नव्हतं ते.

पहिल्या माहेरपणाला गेले तेव्हा आधी दादाला गाठलं. तो म्हणाला, शपथ मोडली, डॉक्टरांकडून आलो त्याच संध्याकाळी मोडली. आई अजून धडधाकट आहे, तेव्हा तू गप्प बस. बाकीच्यांनाही मास्तरांनी सांगितलं होतं. आठांतल्या सात जणांना ठाऊक होतं. हंगाम सगळ्यांचा गेला, आणि मी त्यांच्यासमोर मास्तरांना भित्रे म्हणाले तेव्हा एकानंही तोंड उघडलं नाही. का, तर मास्तरांनी बजावलं होतं की हिला कळलं तर ही मुद्दाम जाऊन गाईल. मला ओळखून होते.

मग मास्तरांकडे गेले. ते ओसरीवर पेटी उघडून तिचा भाता चिकटवत बसले होते. मी पायाशी बसले आणि म्हटलं, ऑर्केस्ट्रा का बंद केलात, खरं सांगा.

"अगं, सांगितलं होतं ना तेव्हाच," मास्तर भात्यावरून बोट फिरवत म्हणाले. "त्या परदेशातल्या लोकांनी..."

"मास्तर, मी देवळात जाऊन आले. त्या गुरवानं गाऱ्हाणं म्हणून दाखवलं मला." माझा आवाज फुटला, पण या वेळी गाठीनं नाही. "माझ्यासाठी तुम्ही अकरा गावांच्या देवांपुढे उभे राहिलात."

मास्तरांनी डिंकाची वाटी ढवळली.

"अकरा कुठली?" ते म्हणाले. "नऊ. दोन ठिकाणी देऊळ बंद होतं, दारातच म्हटलं मी."

मग त्यांनी भात्याचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि डिंक वाळेपर्यंत ते घट्ट धरून ठेवायला सांगितलं.